किंमत सांगून दिलेली शाल

हाताने विणलेल्या भेटीची किंमत सांगू नये, आणि कुणी विचारलीच तर हसून विषय बदलावा, असं मी वर्षानुवर्षं मानत आले. आता मानत नाही. माझं मत एका दिवसात बदललं नाही. कुरकुरत, स्वतःशीच वाद घालत, हळूहळू बदललं. माझ्या वयाच्या, सुया हातात घेऊन टीव्हीसमोर बसणाऱ्या बऱ्याच जणींना ते पटणार नाही, याची कल्पना आहे. माझ्या मावशीला तर अजूनही पटलेलं नाही.

आधी जुनं मत नीट मांडते, कारण ते काही वेडगळ नव्हतं.

आमच्या घरात बाळंतविडा विकत आणणं कमीपणाचं समजत. अंगडं, टोपडं, कुंची, दुपटं, पायमोजे, सगळं घरचं. शिवायचं ते आई शिवायची आणि विणायचं ते मावशीकडे. सुलट टाका, उलट टाका, टाके घालणं, बंद करणं आणि मुख्य म्हणजे चुकलेलं न रडता उसवणं, हे मी तिच्याकडेच शिकले. दुकानातल्या वस्तूला किंमत असते आणि हातच्या वस्तूत माया असते, हे तिचं सूत्र. भेट देताना दुकानाचं लेबल आपण काढून टाकतोच. विणलेल्या वस्तूला मुळात लेबलच नाही, म्हणजे ती सर्वांत शुद्ध भेट, असा माझा त्यावरचा तर्क.

त्या तर्कावर मी खूप विणलं. नाशिकची थंडी आहे, निफाडचा पारा दरवर्षी पेपरात झळकतो, त्यामुळे शालींना आणि कानटोप्यांना तोटा नव्हता. पुढे घरातली मुलं टोरांटोला, मिनियापोलिसला गेली आणि हातमोजे सुरू झाले. पाच बोटांचे नव्हेत, चार बोटं एका खोळीत आणि अंगठा तेवढा वेगळा. तिकडच्या बर्फात तेच बरे पडतात, कारण एकत्र राहिलेली बोटं एकमेकांना ऊब देतात. तिकडून बर्फातले फोटो यायचे. ते बघून जे वाटायचं त्याचा हिशेब कोण करणार?

पहिली ठिणगी पडली ती एका अगदी साध्या वाक्याने. ‘माझ्यासाठीही एक करून दे ना, लोकर मी आणून देते.’

हे वाक्य मी इतक्या जणींकडून ऐकलं होतं की त्यात काही खटकण्यासारखं आहे असं कधी वाटलंच नाही. बोलणाऱ्या सगळ्या प्रेमळ. कुणी फुकटेपणा करत नव्हतं. उलट लोकर आपण आणून द्यायची, हा त्यांच्या मते व्यवहाराचा चोखपणाच होता. पण एकदा हे वाक्य ऐकता ऐकता लक्षात आलं की बोलणारीच्या मनात वस्तूची पूर्ण किंमत म्हणजे लोकरीची किंमत. उरलेलं काम ‘बसल्या बसल्या’ होतं. आणि तिला दोष कसा देऊ? ‘छे गं, त्यात काय, बसल्या बसल्या होतं’ हे माझंच पेटंट उत्तर होतं.

मी शाळेत गणित शिकवून निवृत्त झाले. तरी हा हिशेब मी कधी मांडला नव्हता, म्हणून एकदा मांडला. मध्यम जाडीच्या लोकरीत १० सेंटिमीटर रुंदीला साधारण २० टाके आणि तेवढ्याच उंचीला २६ ओळी बसतात. शाल ६० सेंटिमीटर रुंद आणि १८० सेंटिमीटर लांब धरली, तर १२० टाक्यांच्या ४६८ ओळी. म्हणजे ५६,१६० टाके. सरावाचा हात मिनिटाला २५ टाके टाकतो असं धरा. सदतीस तासांहून जास्त. यात नमुना मोजणं नाही, सुटलेला टाका शोधून वर आणणं नाही, शेवटी दोरे लपवणं आणि धुऊन ताणून वाळवणं नाही. हातमोज्यांच्या जोडीला आठ हजारांवर टाके पडतात, म्हणजे साडेपाच तास. शेटलंड बेटांवरच्या हेझल टिंडल जगातल्या सर्वांत वेगवान विणकर म्हणून नावाजल्या गेल्या, त्यांनी तीन मिनिटांत २६२ टाके विणून दाखवले आहेत. त्या वेगाने त्या न थांबता बसल्या, तरी ही शाल त्यांचे जवळजवळ पावणेअकरा तास घेईल.

तासाला शंभर रुपये धरले, तर शालीची मजुरी ३,७०० रुपये. लोकर वेगळी. आकडा बघून मला आधी हसू आलं. इतकी महाग शाल कोण घेईल? थंडीत शहराशहरांत तिबेटी विक्रेत्यांचे स्वेटर-बाजार लागतात. त्यांचा बराच माल लुधियानाच्या यंत्रांवर विणलेला असतो, आणि तो माझ्या मजुरीच्या काही अंशात मिळतो. या बाजारात हाताचं काम टिकणारच नाही. पण मग दुसरा विचार आला. जी वस्तू विकायला काढली तर कुणाला परवडणार नाही, ती ‘करून दे ना’ म्हणून सहज मागता कशी येते? जिची मजुरी शून्य धरली आहे, तीच वस्तू अशी मागता येते.

एवढ्यावरही मी मत बदललं नसतं. माझा वेळ, माझी हौस, मी कुणालाही देईन, असं म्हणून हिशेबाचा कागद फाडून टाकला असता. अडचण अशी झाली की या हौसेचा भार तिसऱ्याच बाईवर पडत होता.

आमच्या भागात एक बाई विणकामाच्या ऑर्डरी घेतात. हौस म्हणून नव्हे, त्यांच्या घराला त्या पैशांची गरज आहे. लहान मुलांचे स्वेटर, टोपरी, क्रोशाची तोरणं, मागाल ते करतात. एकदा लोकरीच्या दुकानात भेटल्या. बोलता बोलता सहज म्हणाल्या, ‘तुमचं नाव नेहमी ऐकते हो. मी दर सांगितला की बायका म्हणतात, अहो, त्या काकू तर नुसत्या लोकरीवर करून देतात.’ त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. म्हणूनच ते जास्त लागलं. मला पेन्शन आहे. माझी माया त्यांच्या दरातून वजा होत होती.

पुढे शेटलंडबद्दल वाचत गेले ते विणकामाच्या ओढीनेच. स्कॉटलंडच्या उत्तरेला असलेली ही बेटं बारीक जाळीच्या शालींसाठी प्रसिद्ध आहेत. तिथली चांगली शाल लग्नाच्या अंगठीतून आरपार ओढता येते, अशी तिची ख्याती. पी अँड ओ या जहाज कंपनीचे एक संस्थापक आर्थर अँडरसन मूळचे तिथले. त्यांनी १८३७ मध्ये व्हिक्टोरिया राणीला शेटलंडच्या विणकामाचे नमुने भेट दिले आणि या कामाचा बोलबाला झाला. ही कथा मला आधीपासून माहीत होती आणि आवडतही होती. पुढचा भाग मात्र नवा होता. या शाली विणणाऱ्या बायकांना व्यापारी सहसा रोख पैसे देत नसत. मजुरीच्या बदल्यात चहा आणि कापड मिळे, तेही व्यापाऱ्याच्याच दुकानातलं. कुणी त्याची लोकर घेऊन विणे, कुणी स्वतःची. हातात पडे तो माल. मग त्या बायका तो चहा आणि ते कापड शेजारीपाजारी देऊन पीठ आणि बटाटे मिळवत. मजुरी रोखीतच द्यावी असा कायदा ब्रिटनमध्ये १८३१ साली झाला होता, पण तो काही ठरावीक धंद्यांपुरता. घरी बसून विणणारी बाई त्यात नव्हती. १८७२ मध्ये सरकारने या पद्धतीची चौकशी केली, साक्षी घेतल्या, आणि त्या बायकांचं म्हणणं कागदावर आलं.

राणीपर्यंत पोचलेल्या विणकामाचं कौतुक झालं आणि विणणारीला पिठासाठी चहा घेऊन दारोदार जावं लागलं. ‘लोकर मी आणून देते’ हे वाक्य तिथे व्यापारी म्हणत होता. आमच्याकडे मैत्रीण म्हणते. हेतूत जमीन-अस्मानाचा फरक आहे, हे मान्य. पण दोन्हीकडे विणणारीचा वेळ हिशेबाच्या वहीत येत नाही.

आपल्याकडे हे इतकं अंगवळणी का पडलं, याचं उत्तर मला रुखवतात सापडलं. मुलीच्या लग्नात टेबलं लावून तिच्या हातची कामं मांडायची: विणलेले रुमाल, तोरणं, भरतकाम, मण्यांची बाहुली. ‘सगळं मुलीनं स्वतः केलंय हं’ हे वाक्य पाहुण्यांना ऐकू जाईल अशा बेताने म्हणायचं. लाटव्हियातही असंच होतं. तिथली मुलगी लहानपणापासून हातमोजे विणून पेटारा भरत असे आणि लग्नात सासरच्या माणसांना ते वाटत असे. किती जोड्या आणि नमुना किती अवघड, यावरून तिची पारख होई. त्या परंपरेचा अभिमान तिथे अजून आहे. २००६ मध्ये रिगा शहरात नाटोची शिखर परिषद भरली तेव्हा पाहुण्यांसाठी ४,५०० हातमोजे-जोड्या हाताने विणून घेतल्या होत्या. पेटारा काय आणि रुखवत काय, दोन्हीकडे हातकाम हा मुलीच्या गुणाचा पुरावा होता. पुराव्याची मजुरी कोण मागतं?

गंमत म्हणजे बाकीच्या देण्याघेण्यात आपण कधीच बेहिशेबी नव्हतो. आहेराची वही असते. कुणी पातळ दिलं, कुणी पाकीट दिलं, ते नावानिशी लिहिलं जातं आणि पुढच्या कार्यात त्या वहीत बघूनच परतफेड होते. त्या वहीत फक्त बाईच्या हातांच्या तासांना रकाना नाही. सभेत वक्त्याला मानधनाऐवजी शाल-श्रीफळ देऊन निरोप देतात आणि वक्ते त्यावर विनोद करतात. विणणारीला तेवढंही मिळत नाही. तिची शालच दुसऱ्याच्या खांद्यावर जाते आणि तिच्या वाट्याला प्रश्न येतो, ‘एवढा वेळ कसा मिळतो गं तुला?’

ही रीत बदलू शकते, याचा दाखलाही आपल्याकडेच आहे. पापड लाटणं हे एकेकाळी असंच बिनहिशेबी काम होतं. उन्हाळ्यात शेजारणींनी जमायचं, आज हिचे, उद्या तिचे. १९५९ मध्ये मुंबईत गिरगावात सात बायकांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटून विकायला सुरुवात केली आणि त्यातून लिज्जत उभं राहिलं. पापडाला दर मिळाला म्हणून घरी लाटलेल्या पापडातली माया काही आटली नाही. आज आपण पोळी-भाजी केंद्रातून पोळ्या आणतो, दिवाळीचा फराळ सांगून करून घेतो, गोधडी शिवून घेतो, आणि पैसे देताना कुणाला अवघडल्यासारखं होत नाही. विणकाम मात्र मायेच्या रकान्यात अडकून राहिलं. त्याला मागे ठेवण्यात माझ्यासारख्या हौशी, पेन्शनवाल्या, हसून ‘त्यात काय’ म्हणणाऱ्या बायकांचा हातभार मोठा आहे.

मावशीशी यावरून वाद झाला. ती आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे, सुया सुटल्या आहेत, जीभ नाही. म्हणाली, ‘बासष्टच्या लढाईत आम्ही बायकांनी जवानांसाठी स्वेटर विणले. तेव्हा कुणी तास मोजले होते का?’ हा तिचा हुकमी एक्का, आणि खरंच मोठा. चीनशी झालेल्या त्या युद्धात हिमालयातल्या थंडीत आपल्या सैनिकांकडे पुरेसे गरम कपडे नव्हते आणि देशभर बायकांनी स्वेटर विणून पाठवले. त्या देण्याला मी आजही हात जोडते. पण मी मावशीला म्हटलं, जवानाला गरम कोट देणं हे सरकारचं काम होतं. तुमच्या स्वेटरांनी जवानाला ऊब मिळाली आणि सरकारची चूक झाकलीही गेली. फुकट मिळालेलं काम असंच कुणाची तरी जबाबदारी झाकतं. मोजदाद झाली असती तर देशाला कळलं असतं की बायकांनी त्या हिवाळ्यात किती दिलं. मावशी म्हणाली, ‘तू मास्तरीणच राहिलीस.’ वाद तिथे थांबला.

तिच्या बोलण्यातला एक मुद्दा मात्र मला टाळता येत नाही. प्रत्येक गोष्टीचं बिल फाडायचं ठरवलं तर भेट उरेल कशी? म्हणून मी भेट देणं बंद केलेलं नाही. दोन गोष्टी फक्त वेगळ्या केल्या. मी आपणहून देते ती भेट, आणि कुणी मागितलं तर ते काम. कामाचा दर असतो. तो मी सांगते, आणि शक्य असेल तेव्हा ते काम त्या ऑर्डरी घेणाऱ्या बाईंकडे पाठवते. सुरुवातीला दर सांगताना जीभ अडखळायची. काही जणी दुखावल्या. एका जवळच्या नातेवाईक बाईंनी ‘आता काय, धंदा सुरू केला वाटतं’ असं म्हणून माझ्याकडे येणंच कमी केलं. ते मला लागलं, अजून लागतं. पण काही जणींनी दर ऐकून क्षणभर गप्प राहून विचारलं, ‘खरंच इतका वेळ लागतो?’ त्या प्रश्नासाठी मी पुन्हा एकदा दर सांगेन.

आणि आपणहून दिलेल्या भेटीसोबतही आता चिठ्ठी असते. लोकर कोणती, साधारण किती तास लागले, कशी धुवायची. पहिल्या चिठ्ठीवर तास लिहिताना उपकार दाखवल्यासारखं वाटलं होतं. झालं उलटंच. घेणारा माणूस वस्तूकडे नीट बघायला लागला. आणि खरं सांगायचं तर मीही बघायला लागले. तास मोजायची सवय लागल्यावर नको असलेल्या वस्तूवर ते घालवणं जिवावर येतं. पूर्वी मी मला आवडेल ते विणायचे. आता आधी विचारते. कपडे हाताने धुणार की मशीनमध्ये? शुद्ध लोकरीच्या तंतूंवर बारीक खवले असतात. गरम पाण्यात घुसळलं की ते एकमेकांत अडकून शाल आटते, घट्ट होते, आणि पुन्हा पहिल्यासारखी होत नाही. मशीनवाल्या घरात ॲक्रिलिक बरं. पण ते आगीजवळ वितळतं, म्हणून चुलीशेगडीजवळ वावरणाऱ्या आजीला खरी लोकर. तान्ह्या बाळासाठी हातमोजे विणणं तर मी पूर्ण थांबवलं. आत सुटलेला धागा बोटाभोवती गुंडाळला जाऊन रक्त अडतं आणि बाळाच्या रडण्याचं कारण वेळेवर लक्षात येत नाही, असे प्रकार बालरोगतज्ज्ञांनी नोंदवलेले आहेत. माझ्या बाळंतविड्यात आता टोपरं आणि दुपटं, बस.

म्हणजे पूर्वीपेक्षा कमी विणते आणि कमी लोकांना देते. हे नुकसान आहे का, हा प्रश्न मी स्वतःला विचारला आहे. काही अंशी आहे. पूर्वी दर हिवाळ्यात माझ्या शाली ज्या घरांत जायच्या, त्यातल्या काही घरांत आता जात नाहीत, आणि त्या निमित्ताने होणारं जाणं-येणंही कमी झालं. पण ज्या जातात त्या वापरल्या जातात. टोरांटोहून एका नातवाने निरोप पाठवला की हातमोज्यांचा अंगठा फाटला आहे, दुरुस्त करायला किती घेशील? पैसे मी घेतले नाहीत. पण त्याने विचारलं, याचा मला जितका आनंद झाला तितका त्याच्या बर्फातल्या फोटोंनी कधी झाला नव्हता.

विणणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: द्यायचं ते मोकळ्या हाताने द्या, पण ‘त्यात काय’ म्हणू नका. तुमच्या फुकटच्या शालीशेजारी कुणाची तरी विकायची शाल ठेवलेली असते. आणि घेणाऱ्यांनो, कुणी तुम्हाला हाताने विणलेलं काही दिलं तर ‘वेळ कसा मिळतो’ असं विचारू नका. ‘किती वेळ लागला’ असं विचारा. आणि करून हवं असेल, तर लोकरीच्या आधी मजुरी विचारा.